नवा मास्टरबॅच फिल्ममध्ये खरंच काम करतो का? ब्लोन फिल्मवर ट्रायल घेण्याची रीत

नवा मास्टरबॅच (रंग किंवा ॲडिटिव्ह दाट भरलेला दाणा) आला की बहुतेक ठिकाणी ट्रायल अशी होते. चालू मालात दोन टक्के टाकतात, बबल (हवा भरून फुगवलेली फिल्मची नळी) जरा हलला म्हणून थंड हवेचा ब्लोअर कमी-जास्त करतात, वायंडरवर आलेली फिल्म हाताने चुरगाळून बघतात आणि "कडक झाली", "चकाकी आली" असं ठरवून पोत्यांची ऑर्डर देतात. यात तीन गोष्टी एकाच वेळी बदललेल्या असतात, त्यामुळे फरक कशाने पडला हे कुणालाच सांगता येत नाही. मास्टरबॅच बदनाम होतो, नाहीतर फुकटचा मोठा होतो.

फिल्मचा स्फटिक, म्हणजे क्रिस्टल, नेमका कशाने बदलला हे वेगळं काढण्याची रीत खाली दिली आहे. एलडी, एलएलडी आणि एचडीची (तिन्ही पॉलिइथिलीन, म्हणजे पीई) ब्लोन, म्हणजे फुगवून काढलेली फिल्म, तसंच पाण्यावर थंड होणारी पीपीची (पॉलिप्रॉपिलीनची) टीक्यू फिल्म धरली आहे.

## आधी डोक्यात हवं ते

साखर कारखान्यात पॅनमन पाकात बारीक साखरेचं बी सोडतो. बी भरपूर पडलं तर दाणा बारीक होतो, कमी पडलं तर मोठा. न्यूक्लिएटिंग एजंट, म्हणजे न्यूक्लिएटर, मेल्टमध्ये (वितळलेल्या प्लास्टिकमध्ये) हेच करतो. प्लास्टिक थंड होताना त्याच्या साखळ्या घड्या घालून पातळ पापुद्रे बनवतात आणि पापुद्रे एका केंद्राभोवती पसरून स्फेरुलाइट नावाची गाठ तयार होते. ही गाठ प्रकाशाच्या तरंगलांबीएवढी, म्हणजे ०.४ ते ०.७ मायक्रॉन, किंवा त्याहून मोठी झाली की फिल्म धुरकट दिसते. बी जास्त असेल तर गाठी लहान राहतात आणि गोठणंही जरा वरच्या तापमानाला सुरू होतं.

पण फिल्ममध्ये बी एकटं नसतं. थंडाईचा वेग आणि बबलला बसणारा ताण हे दोघेही तितकेच जोरदार आहेत. पीईमध्ये तर ताणलेल्या साखळ्याच बी होऊन बसतात. म्हणून पुढची सगळी खटपट एकाच कारणासाठी आहे: थंडाई आणि ताण जागच्या जागी धरून फक्त बी बदलायचं.

## टप्पा १ : तुमच्या प्लास्टिकच्या दाण्यावर परिणाम होण्यासारखा आहे का ते बघा

पैसे इथेच वाचतात, म्हणून हा टप्पा घाईत उरकू नका.

पीपी. पीपी मुळात सावकाश गोठतो, त्यामुळे बी टाकल्याचा फरक ठळक दिसतो. साध्या होमोपॉलिमरचं गोठण्याचं टोक डीएससी चाचणीत (नमुना तापवून-थंड करून उष्णता मोजतात; इथे मिनिटाला १० अंश थंडाई) साधारण ११० ते ११५ अंशाला येतं. चांगला न्यूक्लिएटर घातला तर ते १२० ते १३० पर्यंत चढतं. सॉर्बिटॉल जातीचे क्लॅरिफायर (फिल्म पारदर्शक करणारे न्यूक्लिएटर) साधारण १,८०० ते २,००० पीपीएम (दहा लाखांत इतके भाग) लागतात. फॉस्फेट मिठाच्या जातीचे याच्या निम्म्यात किंवा त्याहून कमीत भागतात.

टीक्यूवाल्यांनी मात्र एक गोष्ट लक्षात घ्यावी. पातळ पीपी फिल्म गार पाण्यात झटकन थंड होते तेव्हा नीट स्फटिक बनायला वेळच मिळत नाही आणि अर्धवट रचनेची पारदर्शक फिल्म मिळते. पारदर्शकपणा पाण्यानेच दिलेला असताना महागडा क्लॅरिफायर घालून डोळ्याला दिसेल असा फायदा फारसा होत नाही. जाड गेज असेल किंवा पाणी कोमट होत असेल तर गोष्ट वेगळी. पण पाणी कोमट होत असेल तर आधी चिलर बघा, मास्टरबॅच नंतर.

एलडी आणि एलएलडी. पीई इतक्या पटकन गोठतो की न्यूक्लिएटरने टोक जेमतेम एक ते तीन अंश सरकतं. इथे चमत्काराची अपेक्षा ठेवू नका. एचडीमध्ये पीईसाठी खास बनवलेले न्यूक्लिएटर ओलावा अडवण्यासाठी उपयोगी पडतात.

न्यूक्लिएटर म्हणून न विकले जाणारे पदार्थ. खरा घोटाळा हेच करतात.

थॅलोसायनिन निळा आणि हिरवा रंग एचडी आणि पीपीमध्ये जोरदार बी म्हणून काम करतो. त्याच डायवर (माल बाहेर पडतो त्या गोल साच्यावर), त्याच सेटिंगवर निळी फिल्म पांढरीपेक्षा वेगळी आकसते आणि छपाईचं रजिस्टर (रंगांची जुळणी) सरकतं ते यामुळेच. क्विनॅक्रिडोन जातीचा लाल रंग पीपीमध्ये बीटा नावाचा वेगळाच स्फटिक उभा करू शकतो. तो १५० अंशाच्या आसपास वितळतो, नेहमीचा अल्फा स्फटिक १६० ते १६५ ला. मात्र झटपट थंड झालेल्या फिल्ममध्ये बीटाला फारसा वाव मिळत नाही. अँटिब्लॉक म्हणून (फिल्मचे थर एकमेकांना चिकटू नयेत म्हणून) घातलेली टाल्क पीपीमध्ये न्यूक्लिएटरचं काम करते.

खडूचा फिलर, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, पीईमध्ये बी म्हणून कमजोर आहे. तो थंडाई बदलतो. खडूत प्लास्टिकच्या निम्म्याहून कमी उष्णता साठते आणि गोठताना तो उष्णता सोडत नाही. म्हणून तेवढ्याच किलोला फ्रॉस्ट लाइन (बबल गोठून धुरकट होतो ती रेषा) खाली येते. फिलरने "क्रिस्टल वाढले" म्हणतात तेव्हा दहापैकी नऊ वेळा ही खाली आलेली फ्रॉस्ट लाइनच बोलत असते.

> तपासा : दाण्याच्या टेक्निकल डेटा शीटवर स्लिप (फिल्म घसरती करणारं द्रव्य), अँटिब्लॉक किंवा न्यूक्लिएटर आधीच घातल्याची नोंद आहे का? असेल तर तो ग्रेड तुलनेला धरू नका, साधा ग्रेड मागवा.

## टप्पा २ : हिशेब आणि माल

दोन टक्के मास्टरबॅच म्हणजे दोन टक्के औषध नव्हे. पाकिटावरचं सक्रिय प्रमाण विचारून घ्या. मास्टरबॅचमध्ये ५ टक्के सक्रिय द्रव्य असेल आणि तो २ टक्के घातला तर फिल्ममध्ये ०.१ टक्का, म्हणजे १,००० पीपीएम पोचतं. ६० किलोच्या घाण्याला १.२ किलो मास्टरबॅच आणि ५८.८ किलो दाणा. वजन ग्रॅमच्या काट्यावर करा. मगाने मोजलेला मास्टरबॅच म्हणजे अंदाजाने घातलेलं मीठ.

ट्रायलसाठी हे लागेल:

- एकाच लॉटचा नॅचरल, म्हणजे काहीच न मिसळलेला दाणा, किमान १५० किलो. लॉट नंबर लिहून ठेवा.
- एकाच लॉटचा मास्टरबॅच. त्यातला १ किलो बाजूला, सीलबंद.
- मास्टरबॅचच्या कॅरिअरची (द्रव्य ज्या प्लास्टिकमध्ये मिसळलंय त्याची) माहिती. पीपीच्या न्यूक्लिएटरचा कॅरिअर पीई असेल तर धुरकटपणा कॅरिअरनेच येईल.
- रिप्रो (जुना माल वितळवून बनवलेला) दाणा शून्य. ट्रिमचा चुरासुद्धा नको. कालच्या निळ्या पिशव्यांचा चुरा पडला तर "नॅचरल" रोलमध्येच बी आलं, मग तुलना कशाशी करणार?

आता ओलावा. जून ते सप्टेंबर खानापूर आणि बेळगावच्या हवेत उघडं पोतं एका रात्रीत ओल धरतं. अथणीकडे तोच फिलर कोरडा राहील, इकडे नाही. खडूचा आणि काळा मास्टरबॅच ८० अंशाला दोन ते तीन तास वाळवून थेट हॉपरमध्ये घ्या. ओलाव्याने पडणारे लांबट ठिपके आणि भोकं पुष्कळदा "न विरघळलेलं ॲडिटिव्ह" समजली जातात.

> सावधान : पीपीच्या काही सोडियम जातीच्या न्यूक्लिएटरचं कॅल्शियम स्टिअरेटशी जमत नाही, जोर कमी होतो. पीपीच्या पुष्कळ ग्रेडमध्ये ॲसिड मारायला कॅल्शियम स्टिअरेट घातलेलं असतंच. खरेदीआधी दोन्हीकडच्या पुरवठादारांना हा एकच प्रश्न विचारा.

## टप्पा ३ : मशीन स्थिर करून पहिला नॅचरल रोल

स्क्रीन पॅक (मेल्ट गाळणाऱ्या जाळ्या) नवीन घाला, डायची ओठं पितळेच्या पट्टीने साफ करा आणि फक्त नॅचरल दाणा चालवा. मेल्टचं तापमान मेल्टमध्ये बुडालेल्या प्रोबने घ्या, झोनचा आकडा म्हणजे मेल्टचं तापमान नव्हे. ढोबळ पट्टे असे: एलडी १६० ते १९०, एलएलडी १९० ते २२०, पीपी २०० ते २३०.

सॉर्बिटॉल क्लॅरिफायर मेल्टमध्ये पूर्ण विरघळावा लागतो, मगच थंड होताना तो जाळी धरून बी होतो. त्यामुळे पीपी २२० च्या खाली चालवत असाल तर नॅचरल रोलसुद्धा वरच्या तापमानावरच काढा. मास्टरबॅच घालताना तापमान वाढवलं की तुलना मोडली. फार वर नेलं तर वास येतो आणि डायवर, रोलरवर पांढरा थर बसतो.

आता हे आकडे लिहा आणि पुढे हलवू नका:

- मेल्टचं तापमान
- तासाला किती किलो, घड्याळ लावून आणि रोल तोलून
- हॉल-ऑफचा (फिल्म ओढणाऱ्या रोलरचा) वेग
- बबलची सपाट रुंदी आणि त्यातून बीयूआर (बबल डायच्या किती पट फुगला ते)
- फ्रॉस्ट लाइनची उंची
- एअर रिंगमध्ये (बबलभोवती थंड हवा सोडणाऱ्या कड्यात) जाणाऱ्या हवेचं तापमान

बीयूआर काढायला सपाट रुंदीला ०.६३७ ने गुणून डायच्या व्यासाने भागा. १५० मिलिमीटरच्या डायवर ६०० ची सपाट रुंदी असेल तर ३८२ भागिले १५०, म्हणजे २.५५.

फ्रॉस्ट लाइन डायच्या ओठापासून पट्टीने मोजा, बबलभोवती तीन ठिकाणी. तिन्हींत दोन सेंटिमीटरहून जास्त फरक असेल तर एअर रिंग आधी सरळ करा. तिरक्या फ्रॉस्ट लाइनवर घेतलेल्या रोलमध्ये डावी-उजवी बाजूच वेगळ्या स्फटिकाची असते.

हवेचं तापमान यादीत बघून बरेच जण हसतात. बेळगावात जानेवारीतली पहाट आणि एप्रिलची दुपार यांत वीस अंशांच्या वर फरक पडतो. सकाळी नॅचरल आणि दुपारी मास्टरबॅच अशी ट्रायल काढली तर तुम्ही मास्टरबॅच नव्हे, ऊन तपासलं.

सगळं वीस मिनिटं एका जागी राहिलं की पहिला नमुना कापा. त्याचं नाव न-१.

## टप्पा ४ : मास्टरबॅच घाला आणि थांबा

सगळ्यात जास्त ट्रायल इथे फसतात, कारण रंग दिसला की लोक नमुना कापतात. न्यूक्लिएटरला रंग नसतो, आणि रंग दिसला तरी प्रमाण भरलेलं नसतं.

बॅरल, फिल्टर आणि डाय मिळून किती माल धरतात ते काढा. समजा आठ किलो, आणि मशीन तासाला ६० किलो काढतं. माल एकदा बदलायला ८ मिनिटं लागतात. जुना माल जाऊन नवा पूर्ण भरायला याच्या पाचपट वेळ धरा, म्हणजे ४० मिनिटं आणि ४० किलो माल. तिपटीला थांबलात तर जुन्या मालाचा पाच टक्क्यांपर्यंत अंश राहू शकतो. हॉपरमधला शिल्लक दाणा यात धरलेला नाही. तो आधी रिकामा करा, नवं मिश्रण त्यावर ओतू नका.

पाचपट वेळ झाला की कशालाही हात न लावता नमुना कापा: म-१. फ्रॉस्ट लाइन बदलली असेल, बदलू दे. तिची उंची फक्त लिहा.

मग ब्लोअर हळूहळू फिरवून फ्रॉस्ट लाइन न-१ च्या उंचीवर आणा, दहा मिनिटं थांबा आणि दुसरा नमुना कापा: म-२.

हे दोन नमुने म्हणजे अख्ख्या ट्रायलचा जीव. म-१ सांगतो की रोजच्या सेटिंगवर काय मिळेल. म-२ सांगतो की थंडाईची जागा सारखी ठेवून नुसत्या ॲडिटिव्हने काय केलं. म-१ मध्ये फरक आहे आणि म-२ मध्ये तो गायब झाला, तर तो फायदा फुकटात, नुसत्या एअर रिंगने मिळण्यासारखा होता.

> सावधान : मध्येच लाइट गेली तर बॅरलमधला माल भाजला असं समजा. परत चालू झाल्यावर पाचपट वेळ पुन्हा मोजा. त्या दरम्यानची फिल्म कितीही सुंदर दिसली तरी नमुना म्हणून घेऊ नका.

## टप्पा ५ : परत नॅचरल

हा टप्पा जवळपास सगळेच गाळतात. मास्टरबॅच बंद करा, पुन्हा पाचपट वेळ नॅचरल चालवा आणि न-२ कापा.

न-१ आणि न-२ एकसारखे निघाले तरच मधले आकडे धरायचे. वेगळे निघाले तर मशीन किंवा हवा सरकलेली आहे आणि ट्रायल रद्द. चाळीस किलो नॅचरल वाया जात नाही, तो रोजच्या मालात जातोच.

## टप्पा ६ : नमुने कापणं आणि ठेवणं

प्रत्येक नमुना पूर्ण रुंदीचा, दोन मीटर लांब. मार्करने मशीनच्या दिशेचा बाण, वेळ आणि नाव. बाण विसरलात तर टिअरच्या (फाडायला लागणाऱ्या जोराच्या) आकड्याला अर्थ उरत नाही. गुंडाळून कागदी नळीत ठेवा, घडी घालू नका.

नंतर थांबा. फिल्म वायंडरवर आली तरी स्फटिक बनणं संपत नाही, सावकाश चालूच राहतं. प्रमाण पद्धतीत २३ अंशाला, ५० टक्के आर्द्रतेत किमान ४० तास ठेवून मग चाचणी घेतात. एसीची खोली नसेल तर निदान चारही नमुने एकाच कपाटात ठेवा. मे महिन्यात पत्र्याखालच्या गोदामात तर मुळीच नको. पाण्यावर झटकन थंड केलेल्या पीपी फिल्मची अर्धवट रचना उष्णतेने पुढे सरकते, फिल्म कडक होते आणि आकसते. सात दिवसांनी एक पट्टी पुन्हा तपासा. ग्राहकाच्या हातात तीच पडणार असते.

## टप्पा ७ : चाचण्या, स्वस्तापासून महागाकडे

धुरकटपणा कुठला? फिल्मच्या अर्ध्या भागाला दोन्ही बाजूंनी लिक्विड पॅराफिन लावा आणि छापील कागदापासून दोन-तीन इंच वर धरून बघा. तेल लावल्यावर अक्षरं स्वच्छ झाली तर धुरकटपणा पृष्ठभागाच्या खडबडीचा होता. झाली नाहीत तर तो आतला, म्हणजे मोठ्या गाठींचा किंवा फिलरचा. एलडी फिल्ममध्ये बराच धुरकटपणा पृष्ठभागाचाच असतो. पाच रुपयांच्या तेलाने हे कळतं, तरी थेट हेझ मीटरचा आकडा घेऊन भांडणारे लोक आहेत.

टिअर, दोन्ही दिशांना. पीई फिल्ममध्ये मशीनच्या दिशेचा टिअर घटला आणि आडव्या दिशेचा वाढला तर ताण बदलला आहे. बीयूआर आणि हॉल-ऑफ पुन्हा तपासा. दोन्ही दिशांचा टिअर घटला आणि फिल्म कडक झाली तर स्फटिक वाढल्याचा संशय घ्यायला जागा आहे.

डार्ट, म्हणजे वरून वजन पाडून फिल्म फुटते का ते. गोठणं वाढलं की कडकपणा वाढतो आणि डार्ट बहुधा पडतो. कडकपणा वाढला म्हणून गेज कमी करायचा बेत असेल तर डार्ट आधी बघा, विशेषतः पाणी किंवा दूध भरायच्या फिल्मला.

सील. सील पकडायचं तापमान वाढलं का ते पाच-पाच अंशांच्या पायऱ्यांनी बघा. ग्राहकाच्या पॅकिंग मशीनवर पहिली तक्रार इथूनच येते.

स्लिप. इरुकामाइडसारखा स्लिप स्फटिकातून नव्हे, मधल्या अस्ताव्यस्त भागातून पृष्ठभागावर येतो. स्फटिक वाढलं की वाट अरुंद होते. म्हणून न्यूक्लिएटर घातल्यावर घर्षण दुसऱ्या दिवशी जास्त आलं तर घाबरून स्लिप वाढवू नका. २४, ४८ तास आणि सात दिवस असे तीन आकडे घ्या. घाईत वाढवलेला स्लिप आठवड्याने बाहेर येतो, मग शाई धरत नाही आणि सील सुटतं.

जाडी. वजनावरून गेज काढत असाल तर फिलरची घनता धरा. ८० टक्के खडूचा मास्टरबॅच २० टक्के घातला तर फिल्ममध्ये १६ टक्के खडू, आणि घनता ०.९२ वरून साधारण १.०३ वर जाते. जुन्याच आकड्याने भागलं तर फिल्म आहे त्यापेक्षा सुमारे १२ टक्के जाड दिसेल. "फिलरने फिल्म कमजोर झाली" या तक्रारीत कधी कधी फिल्म नुसतीच पातळ झालेली असते.

सिल्व्हर-ब्लॅक मल्चिंगसारखी दोन थरांची फिल्म असेल तर एक फुटाचा चौकोन कापून टेबलावर मोकळा ठेवा. कडा एकाच बाजूला वळल्या तर दोन थर वेगवेगळे गोठून वेगवेगळे आकसले आहेत. शेतात ही फिल्म गादीवाफ्यावर बसत नाही, कडा मातीतून निघतात.

## टप्पा ८ : डीएससी रिपोर्ट मागवणं आणि वाचणं

वरच्या चाचण्यांत म-२ वेगळा निघाला तरच हा खर्च करा. म्हैसूर किंवा छत्रपती संभाजीनगरच्या सिपेटसारख्या (प्लास्टिकची सरकारी संस्था) प्रयोगशाळेत चारही नमुने एकदम पाठवा. नुसतं "डीएससी करा" असं लिहू नका. तापवणं, थंड करणं, पुन्हा तापवणं, मिनिटाला १० अंश, आणि प्रत्येक नमुना दोनदा, असं स्पष्ट लिहा.

पहिलं तापवणं तुमच्या फिल्मची कुंडली सांगतं, म्हणजे एअर रिंग, ताण आणि गोदाम, सगळं त्यात येतं. थंड करण्याचा आलेख ॲडिटिव्ह बी म्हणून चालला का ते सांगतो. थंडाईचं टोक सरकलं नाही पण पहिल्या तापवण्यात फरक आहे, तर फरक मशीनचा. टोक सरकलं पण फिल्ममध्ये फरक नाही, तर तुमची थंडाई इतकी जलद आहे की बी काम करण्याआधीच खेळ संपतो. पीईमध्ये टोक एखाद्या अंशाने हललं तर दोन्ही वाचनं जुळतात का ते बघितल्याशिवाय त्यावर काही ठरवू नका.

स्फटिकाचं प्रमाण काढताना फिलर वजा करायला विसरू नका. पूर्ण स्फटिक पीईला वितळायला ग्रॅमला २९३ ज्यूल लागतात, पीपीला २०७ धरतात. समजा १६ टक्के खडूच्या पीई फिल्मचं वाचन १०० ज्यूल आलं. थेट २९३ ने भागलं तर ३४ टक्के येतात. खरं म्हणजे १०० ला आधी ०.८४ ने भागायचं, ११९ येतात, आणि मग प्रमाण निघतं जवळपास ४१ टक्के. वजाबाकी न करता काढलेला रिपोर्ट "फिलरने क्रिस्टल घटले" असं सांगतो, तर वजाबाकी केलेला कदाचित काहीच बदललं नाही असं.

## टप्पा ९ : मोठ्या ऑर्डरआधी

आकडे जमले तर प्रमाण निम्मं करून म-२ ची ट्रायल एकदा पुन्हा घ्या. न्यूक्लिएटरचा परिणाम एका मर्यादेनंतर वाढत नाही, वरचा डोस नुसता पैसा खातो. क्लॅरिफायरचं मात्र उलट आहे. ठरावीक प्रमाणाखाली तो जाळीच धरत नाही, म्हणून तिथे निम्मा डोस घेऊन "चालत नाही" असं म्हणू नका, १० टक्क्यांच्या पायऱ्यांनी खाली या.

पहिला मोठा लॉट आला की ट्रायलचा सीलबंद किलो फोडा, दोन्ही मास्टरबॅच एकाच दिवशी पाठोपाठ चालवा आणि तेलाची चाचणी, टिअर व फ्रॉस्ट लाइन एवढ्या तीनच गोष्टी जुळवा. जुळल्या नाहीत तर पोती उतरवून घ्यायच्या आधी पुरवठादाराला फोन करा, उतरवल्यावर नव्हे.